भिंतीवरचे फॉनसाहेब

आमच्या घरात पुढच्या भिंतीवर बुद्धाची तसबीर होती, तिच्या शेजारी ज्यांची जयंती आम्ही दर एप्रिलात करतो त्यांची, आणि थोडी खाली, दारातून आत येणाऱ्याच्या बरोबर नजरेसमोर, एका जर्मन जनरलची. भिवंडीजवळ शेलारला, कुडाच्या भिंती आणि वर नळ्यांची कौलं असलेल्या आमच्या घरात जर्मन जनरल काय करत होता असं कोणी विचारलं, की लहानपणी मला भारी वाटायचं. कॉलेजात जाईपर्यंत भारीच वाटत होतं. नंतर जे वाटलं ते अजून गेलेलं नाही. फोटोतला माणूस तरुण होता, जनरल व्हायच्या कितीतरी आधीचा. उंच, सडपातळ, एका काळ्या घोड्याच्या शेजारी उभा, हातात हातमोजे, आणि खाली कोपऱ्यात तिरक्या अक्षरांत त्याची सही. घोड्याचं नाव फाल्के. हे नाव वस्तीतल्या शेंबड्या पोरालाही पाठ होतं.

माझे वडील, त्यांना आम्ही आबा म्हणायचो आणि बाकी सगळे तात्या, दुसऱ्या महायुद्धात इंग्रजांच्या फौजेत आचारी होते. फौज ही आमच्या लोकांना गावाबाहेर पडायची एक वाट होती. आबा गेले शिपाई म्हणून, पण त्यांच्या हाताला चव आहे हे कोणा साहेबाच्या ध्यानात आलं आणि त्यांची रवानगी लंगरात झाली. पलटणीतल्या इतर जातींच्या आपल्याच माणसांना त्यांच्या हातचं चाललं नसतं. गोऱ्यांना आणि कैद्यांना चालायचं. युद्ध संपत आलं तेव्हा ते इटलीत होते. तिथे समुद्राकाठच्या एका बंगल्यात पकडलेले बडे जर्मन अंमलदार ठेवले होते, आणि तिथल्या स्वयंपाकघरात आबांची ड्युटी लागली. परत आल्यावर त्यांनी पुन्हा कधी पोटासाठी स्वयंपाक केला नाही. भिवंडीत एका शेठच्या लूमच्या कारखान्यावर ते वॉचमन म्हणून लागले आणि खाकी कोट अंगात घालून गेटवर बसू लागले.

त्या दिवसांचा आवाज म्हणजे लूमचा. ओढ्यापलीकडे शेड उभ्या राहिल्या होत्या आणि त्यांची खडखड आमच्या झोपेतसुद्धा असायची. शुक्रवारी लूम बंद. त्या दिवशी सकाळी जाग यायची तीच मुळी शांततेने, आणि आई अंथरुणातूनच म्हणायची, "आज सुक्रवार. आज तुमच्या बापाचं बटाटं." कारण शुक्रवारी आबांना सुट्टी असायची आणि ते फॉनसाहेबाचे, म्हणजे भिंतीवरच्या जनरलचे, बटाटे करायचे. उकडलेले बटाटे गरम असतानाच सोलून त्याच्या चकत्या, बारीक कांदा, वाटलेली मोहरी, मिरपूड आणि वरून शिरका. ना फोडणी ना हळद. आम्हा भावंडांना ते अजिबात आवडायचं नाही. आमचं खाणं तांदळाची भाकरी, सुकट, भाजलेला बोंबील, कधी जवळ्याची चटणी. पण फॉनसाहेबाने स्वतः चुलीपाशी उभं राहून ते शिकवलेलं, म्हणून नाक मुरडायची सोय नव्हती. आई मात्र आपल्या ताटात घ्यायची नाही. "मी काय आजारी हाय का?" म्हणायची.

खाण्याचं निघालंच आहे तर तेलाचंही सांगते. मी लहान असताना आमच्याकडे तेल सारामावशी आणायची. हिरवं लुगडं, डोक्यावर तेलाचा डबा, हातात माप. ती शनवार तेल्यांपैकी होती. शनिवारी घाणा बंद ठेवतात म्हणून गावातले लोक त्यांना तसं म्हणायचे. त्यांचा धर्म निराळा होता एवढंच आम्हाला ठाऊक. बोलणं आमच्यासारखंच, किंबहुना आईपेक्षा जास्त शिव्या तिला येत. दुकानात आमच्या भांड्यात तेल वरून धार धरून ओतायचे, भांड्याला भांडं लागू नये म्हणून. सारामावशी भांडं आईच्या हातातून घ्यायची, मांडीत धरायची, भरून झाल्यावर पदराने पुसून परत द्यायची. मग उंबऱ्यावर बसून आमच्याकडचा चहा पिऊन जायची. एकदा आली आणि म्हणाली, आता आमचे लोक बोटीने आमच्या मुलखात चालले. आई म्हणाली, "आन ह्यो कोनाचा मुलूख हाय गं मग?" दोघी हसल्या. त्यानंतर ती आली नाही, आणि आम्ही तेल दुकानातून आणू लागलो. आमच्या लेखी विषय तेवढाच होता.

मोठा विषय फॉनसाहेब. दरसाल जयंतीच्या संध्याकाळी, भाषणं आणि गाणी झाली की वस्तीतल्या म्हाताऱ्याकोताऱ्यांपासून सगळे आबांना धरून बसवायचे. "तात्या, होऊ द्या जनरल." आबा आधी नको म्हणायचे, तेही ठरलेलं. मग खाकी कोटाची बटणं लावायचे आणि सुरू व्हायचे. जनरलचं आडनाव त्यांच्या तोंडात बसायचं नाही, म्हणून नुसतं फॉनसाहेब. "आपल्यात नावाम्होरं राव लावतात ना, तसं त्यांच्यात मधी फॉन लावतात. सगल्यांना न्हाय लावता येत. पिढीजात जहागीरदारालाच." तळ्याकाठची दगडी गढी, तिथे त्याचा जन्म. मिसरूड फुटायच्या आत बापाने लष्करी शाळेत घातला. लोखंडी खाट, थंड पाण्याची आंघोळ, रडायची बंदी. मग घोडदळ. मग पहिलं युद्ध आणि त्यात फाल्केला गोळी लागते ती जागा. इथे आबांचा आवाज इतका खाली यायचा की मागचे लोक पुढे सरकायचे. जहागीरदाराचा पोर चिखलात घोड्याचं डोकं मांडीवर घेऊन बसला होता. मग त्याचा देश हरतो, फौज मोडते, बाकीचे घरी जातात, हा राहतो. स्वतःच्या कॉलरला स्वतः इस्त्री करतो, पण राहतो. मग बढतीवर बढती, जनरलची पट्टी, पूर्वेकडच्या एका जिंकलेल्या शहराची हुकमत, आणि शेवटी इटली.

पोरांना सगळ्यात आवडायची ती अर्ध्या दाढीची जागा. इंग्रजांचे शिपाई बंदुका रोखून घरात घुसले तेव्हा फॉनसाहेब आरशासमोर दाढी करत होता. एक गाल झालेला, एकाला फेस. त्याने मान वळवून बघितलं, आणि दुसरा गाल सावकाश पुरा केला, वस्तरा पुसला, कोट घातला, आणि मग कमरेचं पिस्तूल काढून दिलं. आबा हे नुसतं सांगायचे नाहीत, करून दाखवायचे, हनुवटी वर धरून. वस्तीतली तरणी पोरं दाढी करताना आईने हाक मारली तरी म्हणायची, "थांब, फॉनसाहेब दुसरा गाल करतोय."

यानंतर आबा स्वतः गोष्टीत यायचे. पकडल्यावर फॉनसाहेबाचं पोट बिघडलं. इंग्रजी डबाबंद खाणं पोटात ठरेना. आबांनी त्याला तांदळाची पेज करून दिली, वर नुसतं मीठ. तो बरा झाला. दुसऱ्या दिवशी तो स्वतः स्वयंपाकघरात आला आणि आबांसमोर हात पुढे केला. "हात!" आबा आपला उजवा हात उघडून सगळ्यांना दाखवायचे. "ह्या हातात त्याचा हात. पिढीजात जहागीरदाराचा." बसलेल्यांत असे म्हातारे होते की ज्यांच्या सावलीवरून गावात भांडणं झाली होती. ते त्या हाताकडे बघत राहायचे. मी त्यांच्याकडे बघायची. मला त्यांची चेष्टा करायची नव्हती. आजही करत नाही. ज्यांना कधी प्यायला पाणी कोणी सरळ दिलं नाही, त्यांना कोणी आपल्या हातचं खाल्लं याचं काय वाटतं हे कळायला तसंच तहानलेलं असावं लागतं.

पुढे दोघांची मैत्री म्हणा, ओळख म्हणा, झाली. फॉनसाहेबाला वेळ जात नव्हता, तो चुलीपाशी बसून सावकाश इंग्रजीत आपली हकीकत सांगायचा. आबांचं फौजी इंग्रजी त्याच्यावरच सुधारलं, आणि निरोप घेताना त्याने सही करून दिलेला फोटो तो हाच. एकदा त्याने आबांना विचारलं, तुझा बाप काय करतो? आबांनी सांगून टाकलं. मेलेलं ढोर ओढतो, आणि आमचं घर गावाच्या बाहेर असतं, आम्हाला गावात राहू देत नाहीत. त्याने ऐकून घेतलं. मग आबांनी धीर करून विचारलं, साहेब, तुमच्या मुलखात अशी वेगळी वस्ती असते का? फॉनसाहेब म्हणाला, "मी ज्या शहराचा कमांडर होतो तिथे होती. मी असतानाच ती संपली."

इथे आबा थांबायचे. उभे राहायचे. आणि म्हणायचे, "ऐकला काय? वेगली वस्ती होती, ती फॉनसाहेबानं संपवली. जल्मानं जहागीरदार, आन त्यानं संपवली. आन आपलं पाटील काय करतात?" टाळ्या पडायच्या. शिट्ट्या पडायच्या. धर्मांतराच्या वेळी आबांनी घरातले सगळे देव फडक्यात बांधून कामवारी नदीत सोडले, तेव्हा आईने भिंतीकडे बोट करून विचारलं होतं, "आन ह्यो?" आबा म्हणाले, "त्यो देव न्हाय, मानूस हाय. त्यो राहील." आणि तो राहिला होता, तो 'वेगळी वस्ती संपवली' याच वाक्याच्या जोरावर.

मी भिवंडीच्या कॉलेजात गेले तेव्हा वक्तृत्व स्पर्धेत हेच वाक्य घेऊन उतरले. एका जर्मन उमरावाला जे जमलं ते आम्हाला कधी जमणार, असं माझं भाषण होतं. परीक्षकांनीही टाळ्या वाजवल्या. मिळालेली ढाल आबांनी फॉनसाहेबाच्या खाली फळी ठोकून ठेवली, आणि येईल त्याला आधी जनरल, मग ढाल, मग मी, या क्रमाने दाखवू लागले.

त्याच वर्षी शेठने जर्मनीहून सायझिंगचं मशीन आणवलं. सायझिंग म्हणजे लूमवर चढवायच्या आधी सुताला खळ देणं. मशीन बसवायला तिकडून एक फिटर आला. पन्नाशीचा, ठेंगणा, टक्कल पडलेला, बोटांच्या नखांत काळं तेल. दिवसभर मशीनखाली आडवा पडलेला असायचा. शेठचा स्वभाव गमत्या. त्याने आबांना गेटवरून बोलावून घेतलं आणि सगळ्यांदेखत म्हणाला, "तात्या, देख, तेरे जनरल के गाँव का आदमी आया है. घर नहीं बुलाएगा क्या?" शेठ चेष्टेत बोलला. आबांनी घरी बोलावलं. आणि फिटरने, हॉटेलच्या खाण्याला कंटाळला असेल, हो म्हटलं.

येणारा शुक्रवार ठरला. घरात लग्न असल्यासारखी गडबड. अंगण सारवलं, शेजारून खुर्ची आणली, काचेचे पेले आणले. आबांनी फॉनसाहेबाला झेंडूचा हार घातला. मला आदल्या दिवसापासून एकाच गोष्टीची धास्ती, वासाची. मी आईला बजावलं, उद्या सुकट भाजू नकोस, बोंबील बाहेर वाळत टाकू नकोस, भाऊ उघडे फिरायला नकोत. आईने माझ्याकडे नुसतं बघितलं. म्हणाली, "तो जेवाला येतोय का पोरगी बगाला?" तरी तिने माझं ऐकलं. आपल्या घराची लाज वाटण्यात माझी शक्ती इतकी खर्च झाली होती की खरी लाज कुठून येणार आहे याची मला कल्पनाही नव्हती.

तो दुपारी आला. वस्तीतली माणसं दारात, खिडकीत, अंगणात. लूम बंद, त्यामुळे आत बोललेलं बाहेर सगळ्यांना ऐकू जात होतं. फिटर चपला काढून आत आला, कोणी सांगितलं नसताना, आणि तेवढ्यानेच आईला आवडला. आबांनी ताट पुढे ठेवलं. बटाटे बघून त्याचा चेहरा असा उजळला की मी त्या बटाट्यांना इतकी वर्षं नावं ठेवल्याचं मला वाईट वाटलं. त्याने एक घास घेतला, डोळे मिटले आणि म्हणाला, "माझी आई." इंग्रजी त्याचं मोडकं, माझं पुस्तकी. मी वस्तीला सांगितलं, "त्याची आई असे बटाटे करायची." सगळे खूष. कोणीतरी म्हणालं, "आरं, आपल्यातलाच हाय."

मग त्याने मान वर केली आणि हार घातलेल्या फोटोकडे बघून विचारलं, हे कोण? आबा याच क्षणासाठी इतकी वर्षं थांबले होते. ते उठले आणि आपल्या इंग्रजीत सांगू लागले, माझा जनरल. कैदेत होता. माझ्या हातची पेज जेवला. फिटर हसत ऐकत होता. तरुणपणीचा फोटो, त्याने ओळखायचं काही कारण नव्हतं. आबांनी त्याला जवळ बोलावलं, हार बाजूला सारला आणि सही दाखवली. त्याने वाचली. पुन्हा वाचली. आबांचं तिकडे लक्ष नव्हतं, ते जोरात होते. फार मोठा माणूस, म्हणाले, त्याच्या शहरात वेगळी वस्ती होती, त्याने ती संपवली. त्यानेच मला सांगितलं.

फिटर खुर्चीवर येऊन बसला. हातातला पेला त्याने खाली ठेवला. मग मला म्हणाला, "तू सांगशील त्यांना?" मी मान हलवली. मला वाटलं, आणखी काही चांगलं असेल.

"मी त्या शहरात होतो. त्याच्या फौजेत. तुझ्या एवढा होतो."

मी सांगितलं. बाहेर कौतुकाचा आवाज झाला. त्याने तो थांबेपर्यंत वाट बघितली.

"ती वस्ती ज्यूंची होती. रस्त्याच्या एका टोकाला मी बंदूक घेऊन उभा. बाहेर कोणाला पडू द्यायचं नाही, हा हुकूम. हुकमावर ह्याची सही." त्याने फोटोकडे बोट केलं नाही, पण कळलं. "म्हातारी माणसं, बाया, पोरं, सगळ्यांना रानात नेलं. मी आवाज ऐकले. संध्याकाळी वस्ती रिकामी होती. तो खरं बोलला. ती संपली."

मी काय करावं? मागे भिंतीवर ढाल होती, समोर आबांचा चेहरा. मी म्हटलं, "तो म्हणतो... तिथे ज्यू लोक राहायचे." दारातून आवाज आला, "म्हंजी कोन?" मला मराठी शब्द सुचेना. खरं तर मला पुढचं काहीच सांगायचं नव्हतं, आणि शब्द सुचत नाही हे मला बरंच वाटत होतं.

"शनवार तेली," आबा म्हणाले.

मी त्यांच्याकडे बघितलं. शब्द शोधण्याच्या नादात मी विसरलेच होते की त्यांना इंग्रजी येतं, आणि ते फॉनसाहेबाकडूनच आलेलं. त्यांनी सगळं ऐकलं होतं, माझ्याआधी. ते वस्तीकडे तोंड करून उभे राहिले, जयंतीला राहायचे तसेच, पण कोटाची बटणं उघडी. "पलटनीत पनवेलकडचा एक कारकून होता शनवार तेल्यांतला. त्याला साहेब लोक ज्यू म्हनायचं. आपली सारा तेलीन यायची ना, तिचं लोक. फॉनसाहेबानं त्यांची वस्ती संपवली म्हंजी मानसं मारली. बायामानसं, पोरं, समदी. कोन कुठल्या पोटी जल्मला ते बघून मारली. ह्यो पावना तिथं होता. आन मी तुमाला टाळ्या वाजवाला लावल्या."

शुक्रवार नसता तर लूमच्या आवाजात काही ऐकू आलं नसतं, असं मला तेव्हा वाटलं होतं, आणि ते वाटल्याचीही लाज वाटली होती. फिटर उठला. जाताना त्याने आबांपुढे हात केला नाही. हात पाठीमागे धरून मान खाली घातली आणि गेला. ताटातले बटाटे तसेच राहिले. आईने ते उचलले, मागे कोंबड्यांना टाकले, आणि चुलीवर सुकट भाजायला घेतली. सगळं घर त्या वासाने भरून गेलं, आणि आयुष्यात पहिल्यांदा तो वास मला हवासा वाटला.

संध्याकाळी शेजारचे बाळूकाका आले. आबा ओट्यावर बसले होते. बाळूकाका भला माणूस, त्यांनी विडी पुढे केली आणि म्हणाले, "जाऊ द्या तात्या. तिकरं काय केला आसंल तो केला. आपल्याशी तर चांगला वागला ना?"

"तेच तर," आबा म्हणाले. "आपल्याशी चांगला वागला, तेवऱ्यावर मी त्याला भिंतीवर घेतला. त्यो माझ्या हातचा जेवला, मंग दुसऱ्या कोनाचं काय केला ते मी कशाला इचारतोय." त्यांनी विडी घेतली नाही.

दुसऱ्या दिवशी ड्युटीवर जाण्याआधी त्यांनी फोटो काढला. मी काही फिल्मी पाहायच्या तयारीत होते, फाडतील, जाळतील. त्यांनी तो उलटा करून धान्याच्या कणगीमागे ठेवला. ढाल मी काढली. खिळा राहिला. भिंतीवर फोटोच्या आकाराची जागा गोरी राहिली होती. आईने ती दोनदा सारवली तरी सुकल्यावर पुन्हा दिसायची. गेटवर शेठने पुढे विचारलं, "क्या तात्या, जनरल क्या बोलता है?" आबा म्हणाले, "रिटायर हो गया, शेठ." शेठ हसला. आबा हसले नाहीत.

आता लिहिताना कळतं, आबांच्या आयुष्यात स्वतःचं म्हणावं असं ते एकच वैभव होतं. जयंतीची ती एक संध्याकाळ सोडली तर ते वर्षभर दुसऱ्याच्या गेटवर बसून दुसऱ्याचं सूत राखायचे. म्हणून पुढची जयंती जवळ आली तशी मला धाकधूक. मंडळाची पोरं घरी आली. त्यांनाही तीच अडचण. त्यांनी चाचरत सुचवलं, "तात्या, पेजेपर्यंतच सांगा. अर्धी दाढी, पेज, हात, बस. म्होरचं नको." आबा म्हणाले, बघू. मी मनातून पोरांच्या बाजूची होते. गोष्ट चांगली होती. आज शेलारात त्या ओढ्यावर गोदामं आहेत आणि माझा भाचा मानकोलीला एका गोदामात मालाची खोकी बांधतो. अर्ध्या दाढीची जागा त्यालासुद्धा कुठूनशी ठाऊक आहे. चांगल्या गोष्टीला मारून टाकणं सोपं नसतं.

जयंतीच्या संध्याकाळी भाषणं झाली, गाणी झाली. या वेळी कोणी हाक मारली नाही, तरी आबा उठले. कोटाची बटणं लावली. ते म्हणाले, "जनरलची गोष्ट झाली. आज सारा तेलनीची सांगतो."

लोक सावरून बसले. आबा म्हणाले, "आपल्या वस्तीत ती तेल घेऊन याची. दुकानदार वरून धार धराचा. ती न्हाय. ती भांडा आपल्या हातातून घ्याची, मांडीत धराची, पदरानं पुसून द्याची. आपल्या घरचा चहा प्याची. एकदा न्हाय, दर खेपेला. कैदेत होती म्हनून न्हाय. पोट बिघडला म्हनून न्हाय." म्हातारे माना हलवत होते, आठवत होतं त्यांना. आबा पुढे बोलायला गेले आणि थांबले. लोकांना वाटलं ते नेहमीसारखे मुद्दाम थांबलेत. पण ते आईला शोधत होते. बायकांच्या घोळक्यात ती दिसल्यावर त्यांनी विचारलं, "तिचा गाव कंचा गं?"

आईने विचार केला. नकारार्थी मान हलवली.

"तिच्या मालकाचा नाव?"

आईला माहीत नव्हतं. शेजारणीला माहीत नव्हतं. पोरं किती, घाणा कुठे होता, बोटीने गेली ती पोचली का, कोणालाच काही ठाऊक नव्हतं. एवढ्या वर्षांत ती आमच्या उंबऱ्यावर बसून चहा प्यायली, आणि तिला कोणी एक प्रश्न विचारला नव्हता, कारण तेलिणीने आपलं भांडं हातात घेतलं यात मिरवण्यासारखं काय होतं? उजवा हात आबांनी नेहमीच्या सवयीने उघडला होता. मग तो मिटला, आणि म्हणाले, "एवरीच हाय गोष्ट," आणि खाली बसले. टाळ्या कोणी वाजवल्या नाहीत.

मी पुढे शिक्षिका झाले, निवृत्त झाले. पनवेलला, ठाण्याला, तिच्या लोकांपैकी जे राहिले होते त्यांच्याकडे विचारून पाहिलं. सारा नावाच्या पुष्कळ होत्या, त्यांनी विचारलं, कोणती सारा? आडनाव काय? मला सांगता आलं नाही. जनरलचा घोडा फाल्के मात्र मला झोपेतून उठवलं तरी आठवतो, त्याच्या कपाळावरच्या पांढऱ्या टिकल्यासकट.